इलेक्ट्रिक पिकअपचा मागचा कॅमेरा मधेच जातो, मधेच येतो? नवीन कॅमेरा घ्यायच्या आधी हे बघा

माझ्या स्वतःच्या पिकअपवर तीनदा, आणि ओळखीतल्यांच्या गाड्यांवर किती वेळा ते मोजणं सोडून दिलंय, पण हे एकच काम मी पुन्हा पुन्हा केलंय. रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळी. येणारा माणूस ठरवूनच आलेला असतो की कॅमेरा उडालाय, नवीन टाकायचा, आणि प्रत्यक्षात कॅमेरा मेलेला फार कमी वेळा निघतो. एक मित्र तर दोन कॅमेरे बदलून माझ्याकडे आला होता आणि त्याच्या गाडीचं दुखणं कॅमेऱ्यापासून हातभर लांब, फाळक्याच्या बिजागरीपाशी निघालं. (फाळका म्हणजे टेलगेट, मी दोन्ही शब्द वापरतो, गोंधळू नका.)

पिकअपला हे दुखणं साध्या कारपेक्षा जास्त का होतं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. कारमध्ये कॅमेरा डिकीच्या झाकणावर असतो, ते झाकण उघडतं-मिटतं पण त्यावर कोणी चढून बसत नाही. पिकअपचा फाळका मात्र खाली पाडला जातो, त्यावर सामान आपटतं, माणसं पाय सोडून बसतात, आणि कॅमेरा बहुतेक गाड्यांत त्याच फाळक्याच्या हँडलजवळ बसवलेला. म्हणजे त्याची वायर दर उघडझापीला वाकते. शिवाय गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो, तो चाकांनी उडवलेला चिखल आणि पाणी उचलून बरोबर फाळक्यावर आणून टाकतो. आणि इलेक्ट्रिक पिकअपवर कॅमेऱ्यावरची भिस्त अजून जास्त, कारण बऱ्याच जणांनी रेंज वाचवायला हौद्यावर कव्हर टाकलेलं असतं. टेस्लाच्या सायबरट्रकचं तर हौद्याचं कव्हर बंद केलं की मागची काचच झाकली जाते, आतला आरसा शोभेला उरतो, मागचं बघायला स्क्रीनच.

आधी लक्षणं नीट ओळखा

बोलताना सगळे "कॅमेरा चालत नाही" एवढंच म्हणतात पण त्यात सात-आठ वेगवेगळी दुखणी असतात.

- स्क्रीन काळी आणि वर "कॅमेरा उपलब्ध नाही" छाप मेसेज. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कळलंय की तिकडून सिग्नल येत नाहीये. वायर, कनेक्टर, फ्यूज, नाहीतर खरंच कॅमेरा.
- स्क्रीन काळी, मेसेज नाही, पाच-सात सेकंदांनी चित्र आपोआप येतं. हे बहुतेक सॉफ्टवेअरचं, किंवा गाडी गाढ झोपेतून उठत असते आणि आपण बसल्या बसल्या रिव्हर्स टाकतो.
- चित्र धुरकट, दिव्यांभोवती वलयं. काचेवर काहीतरी आहे, किंवा काचेच्या आत.
- आडव्या रेघा, गुलाबी-हिरवी झाक, खड्ड्यात आदळलं की चित्र लुकलुकतं. वायर किंवा कनेक्टर, जवळजवळ नक्की.
- चित्र गोठलेलं. हे सगळ्यात घातक, कारण काळी स्क्रीन निदान ओरडून सांगते की मी बंद आहे, गोठलेलं चित्र मात्र रिकामी जागा दाखवत राहतं आणि मागे कोणी येऊन उभं राहिलेलं असतं. गाडी हलतेय आणि स्क्रीनवरची जमीन हलत नाहीये, एवढी एकच खूण असते त्याची.
- चित्र झकास पण मार्गदर्शक रेषा तिरक्या, गाडी रेषेत घेतली की बाजूच्या खांबाला लागायला येते.
- फक्त रात्री दाणेदार, गढूळ. यात कॅमेऱ्याआधी रिव्हर्सचे दिवे बघा, दोन्ही लागतात का, लेन्सवर चिखल आहे का. अंधार असला की कॅमेरा उजेडासाठी गेन वाढवतो, म्हणजे आलेला सिग्नल फुगवतो, आणि तेच ते दाणे.
- आतला डिजिटल आरसा (आरशाच्या जागी कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारी स्क्रीन) गेला, पण रिव्हर्सचा कॅमेरा चालू. किंवा उलटं.

दोन गोष्टी बिघाड नाहीत, त्यासाठी कोणाकडे जाऊ नका. मागच्या गाडीचे एलईडी दिवे स्क्रीनवर लुकलुकताना दिसतात, ते दिव्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या वेगाचा मेळ बसत नाही म्हणून. आणि डिजिटल आरशातलं चित्र धूसर वाटत असेल आणि तुम्हाला वाचायला चष्मा लागत असेल तर आरसा ठीक आहे. साध्या आरशात डोळा लांबवर फोकस करतो, डिजिटल आरशात दोन फुटांवरची स्क्रीन वाचायची असते, तेवढाच फरक. त्या आरशाखालची कळ पलटली की तो साधा आरसा होतो, तसाच वापरा (मागची काच झाकलेली नसेल तर).

कधी जातं ते चार दिवस लिहून ठेवा

हा माझा हट्ट आहे आणि लोकांना याचाच कंटाळा येतो. चित्र कसं जातं ते सगळे सांगतात, कधी जातं ते कोणी सांगत नाही, आणि अर्धं उत्तर त्या "कधी"मध्ये असतं. गाडी धुतल्यावर एक-दोन दिवसांनी? कनेक्टरमध्ये पाणी. फाळका पाडून परत लावल्यावर? बिजागरीची वायर. सकाळी पहिल्यांदा काढताना, मग दिवसभर ठीक? झोपेतून उठण्याचा उशीर, १२ व्होल्टची बॅटरी, नाहीतर लेन्सवरचं दव. भर उन्हात उभी राहिल्यावर जातं आणि गाडी गार झाली की येतं? कॅमेऱ्याच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स. ट्रेलर जोडल्यावरच? मग ट्रेलरच्या सॉकेटपासून सुरू करा. मोबाईलवर दोन शब्द टाइप करा, वेळ आणि आधी काय केलं होतं, बास.

आता तपासणी, फुकटातून महागाकडे

पहिलं, लेन्स पुसा. हसू नका. मी स्वतः एकदा ट्रिमचे (वरच्या प्लास्टिकच्या आवरणाचे) दोन क्लिप तोडल्यावर मग लेन्सवर हात फिरवला होता. पाण्यात भिजवलेला मऊ मायक्रोफायबर, आधी नुसतं पाणी सोडून वाळूचे कण जाऊ द्यायचे आणि मग हलक्या हाताने पुसायचं, कारण कोरडं घासलं की कण लेन्सवरच्या थरावर ओरखडे काढतात आणि ते ओरखडे रात्री प्रत्येक दिव्याला मिशा फुटल्यासारखे दिसतात. तेलकट थर असेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट वगैरे प्रकार नकोत. पुसल्यावर टॉर्च तिरपी धरून लेन्सकडे बघा. धुकं पुसलं जात असेल तर बाहेरचं. पुसूनही तसंच, आणि टॉर्चमध्ये काचेच्या मागे बारीक थेंब दिसत असतील तर कॅमेऱ्याचं सील गेलंय. हे कॅमेरे सीलबंद येतात, उघडून वाळवायचे नसतात, हेअर ड्रायरने दोन दिवस बरा वाटतो आणि पुढच्या पावसात परत तेच. तो एक प्रकार खरंच बदलण्याचा.

दुसरं, मागे काय आडवं आलंय ते बघा. फाळका पाडलेला असला की कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे जातं, आणि काही गाड्या त्या वेळी चित्र किंवा पार्किंगचे सेन्सर मुद्दाम बंद करतात. सायकल रॅक, लोंबणारा पट्टा, ताडपत्रीचं टोक, नवीन हौसेने लावलेलं स्टिकर. फाळका नीट लॅच झालाय का तेही बघा, एका बाजूने अर्धवट लागला तर गाडीला तो उघडाच वाटतो. हे दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात आवडतं कारण एक पैसा न घालता अर्धा रस्ता संपतो: बाकीचे कॅमेरे चालतात का ते बघा. आजकालच्या इलेक्ट्रिक पिकअपला मागचा एकच कॅमेरा नसतो. समोर एक, दोन्ही आरशांखाली एकेक, मागे फाळक्यावर एक, काहींना वर तिसऱ्या ब्रेकलाइटपाशी हौद्यात बघणारा अजून एक, डिजिटल आरसा असेल तर त्याचा वेगळा. आता गाडी पार्कमध्ये ठेवून स्क्रीनवरून कॅमेऱ्याचं बटण दाबा आणि एकेक दृश्य बदलून बघा. फक्त फाळक्यावरचा गेला आणि बाकी सगळे ठणठणीत, तर स्क्रीन, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि दुखणं त्या एका फांदीवर येतं, म्हणजे तो कॅमेरा, त्याची वायर, त्याचे कनेक्टर. सगळेच गेले तर उलट, फाळका उघडण्यात वेळ घालवू नका, ते मॉड्यूल (कॅमेऱ्यांची चित्रं सांभाळणारा कॉम्प्युटर), फ्यूज किंवा सॉफ्टवेअर. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे सगळं पार्कमध्ये करायचं, हँडब्रेक लावून, चाकाला ठोकळा लावून. रिव्हर्स टाकून "जरा मागे जाऊन बघतो" हे कधीच नको. डिझेलची गाडी निदान घरघरते, ही गाडी रिव्हर्समध्ये उभी आहे की बंद आहे ते बाहेरून कळत नाही आणि वजन अडीच-तीन टन.

चौथं, रीसेट. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगवरची दोन बटणं किंवा चाकं एकदम दाबून धरली की स्क्रीन काळी होऊन परत सुरू होते, तुमच्या गाडीचं नेमकं काय ते मॅन्युअलमध्ये असतं. गाडी उभी असतानाच करा. त्यानेही नाही झालं तर गाडी लॉक करून, चावी आणि फोन लांब ठेवून अर्धा तास तिला पूर्ण झोपू द्या. आता यात एक फसगत आहे आणि मी स्वतः तिच्यात दोन आठवडे अडकलो होतो. रीसेट केल्यावर चित्र आलं की माणूस म्हणतो सॉफ्टवेअरच होतं. पण रीसेट होताना कॅमेऱ्याची वीजही तुटून परत येते आणि कॅमेरा व कॉम्प्युटर एकमेकांशी नव्याने जुळतात, त्यामुळे कनेक्टर किंचित ढिला असेल आणि एका धक्क्याने जोडणी तुटली असेल तर तीही रीसेटने तात्पुरती बरी होते. म्हणून रीसेटने बरं होऊन तीन-चार दिवसांनी परत गेलं, त्यातही खड्ड्यानंतर किंवा फाळका आपटल्यावर गेलं, तर सॉफ्टवेअर विसरा आणि वायरकडे वळा.

पाचवं, अपडेट आणि रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला बोलावणं). हे खास उशिरा येणाऱ्या चित्रासाठी. अमेरिकेत १ मे २०१८ पासून बनलेल्या १०,००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि त्या नियमात असं आहे की रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे, आणि गाडीच्या मागचा १० फूट रुंद २० फूट लांब पट्टा त्यात दिसला पाहिजे. म्हणजे मोबाईलच्या स्टॉपवॉचने मोजण्यासारखं माप तुमच्या हातात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाने २७ हजारांवर सायबरट्रक याच कारणासाठी रिकॉल केले, गाडी पूर्ण सुरू व्हायच्या आत रिव्हर्स टाकला तर चित्र यायला आठ सेकंदांपर्यंत लागत होते, आणि दुरुस्ती नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने झाली, पाना-स्क्रू ड्रायव्हर लागलाच नाही. तेव्हा आधी चेसिस नंबर टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल बाकी आहे का ते बघा, असेल तर कंपनीने फुकट करून द्यायचं काम तुम्ही स्वतः का करताय. उलटही होतं, दुखणं एखाद्या अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर ती तारीख आणि व्हर्जन लिहून ठेवा.

सहावं, बाहेरून जोडलेलं सगळं काढा. ट्रेलरचा प्लग काढा, हौद्यातल्या एलईडी पट्ट्या, डॅशकॅम, इन्व्हर्टर, विंच, जे जे नंतर बसवलंय ते एकेक बंद करून बघा. ट्रेलर जोडलेला आहे असं गाडीला वाटलं की ती मागचे सेन्सर बंद करते, कॅमेऱ्याची दृश्यं बदलते, आणि ट्रेलर नसतानाही सॉकेटमध्ये पाणी किंवा गंज असेल तर गाडीला ट्रेलर असल्याचा भास होतो. सॉकेटचं झाकण उघडून आत बघा, हिरवट पांढरी भुकटी दिसली तर स्वच्छ करून वाळवा. आणि रेघा फक्त हौद्यातला दिवा लावल्यावर येत असतील तर तो दिवा कुठल्या ग्राउंडला जोडलाय ते त्या बसवणाऱ्याला विचारा, ग्राउंडची वायर (वीज परत जायची) बहुतेक जवळच्या मिळेल त्या बोल्टला टाकलेली असते.

सातवं, १२ व्होल्टची छोटी बॅटरी. लोकांना वाटतं एवढी मोठी बॅटरी गाडीखाली आहे, वीज कमी कशी पडेल. पण स्क्रीन, कॅमेरे, कुलपं, सगळे कॉम्प्युटर या छोट्या बॅटरीवर उठतात (सायबरट्रकमध्ये ती यंत्रणा ४८ व्होल्टची आहे, खालचे आकडे तिला लागू नाहीत). पेट्रोलच्या गाडीत ही बॅटरी थकली की स्टार्टर कुंथतो आणि आपल्याला कळतं. इथे स्टार्टरच नाही. त्यामुळे ती थकल्याची बातमी अशी वेड्यावाकड्या वाटांनी येते, सकाळी कॅमेरा उशिरा, कधी खिडकी किती वर-खाली जायचं ते विसरते, कधी तीन-चार वॉर्निंग एकदम येऊन निघून जातात. लेड ॲसिड किंवा एजीएम प्रकारची असेल तर गाडी झोपलेली असताना मल्टीमीटरवर १२.६ च्या आसपास चांगली, १२.२ च्या खाली गेली तर संशय, गाडी चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५. लिथियमची असेल तर हे झोपेतले आकडे धरू नका. मोजणं वेगळं आणि काढणं वेगळं हं. टर्मिनल काढायचा या गाड्यांत ठरलेला क्रम असतो, आणि काहींमध्ये ती बॅटरी गेली की पुढचं झाकण उघडणं हेच एक काम होऊन बसतं. मॅन्युअल न वाचता टर्मिनलला हात लावू नका.

आठवं, फ्यूज. नकाशा मॅन्युअलमध्ये असतो. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, एकदाच. परत उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, मोठा फ्यूज टाकून जिंकायचं नसतं.

नववं, फाळक्याची वायर (इथेच बहुतेक वेळा सापडतं)

फाळका आणि हौदा यांच्या मधे, बिजागरीजवळ, रबराची एक नळी दिसेल, घडीघडीची. तिच्यातून कॅमेऱ्याची, दिव्याची, लॅचची वायर जाते. दर वेळी फाळका पडला की ही नळी वाकते आणि एक दिवस आतली तांब्याची तार तुटते, बाहेरचं आवरण मात्र शाबूत, त्यामुळे बघून काही कळत नाही.

हे पकडायला दोन माणसं लागतात. माझ्या गाडीचं मी असं पकडलं: गाडी पार्कमध्ये, मुलाला आत बसवलं, स्क्रीनवर मागचं दृश्य लावून दिलं आणि मी बाहेर फाळका दोन्ही हातांनी धरून बोटभर बोटभर खाली घ्यायला लागलो. तो आतून ओरडतोय, "आहे बाबा, आहे, आहे, गेलं!" मी थांबलो, नखभर वर उचललं, "आलं!" परत नखभर खाली, "गेलं!" फाळका साधारण पाऊण उभा असतानाच, दर वेळी त्याच जागी. मग फाळका तिथेच टेकू देऊन धरला आणि नुसती रबराची नळी दोन बोटांत धरून जरा मुरडली तरी चित्र जायला-यायला लागलं. महिनाभर ज्याला मी सॉफ्टवेअर म्हणत होतो ते माझ्या दोन बोटांत होतं. तुमच्या गाडीत फाळका थोडा उघडला की चित्र मुद्दामच बंद होत असेल तर फाळका बंद ठेवून नळी हलवा आणि फाळक्यावर मुठीने हलके ठोके द्या. विजेवर उघडणारा फाळका असेल तर आधी त्याची ऑटो उघडझाप बंद करा, बोटं त्यात नकोत.

नळी हलवून काही झालं नाही तर कनेक्टर. फाळक्याच्या आतलं पॅनेल काढलं की कॅमेऱ्याच्या मागे छोटा कनेक्टर दिसतो, काही गाड्यांत दुसरा हौद्याखाली चेसिसपाशी. पॅनेलचे क्लिप प्लास्टिकच्या पट्टीने उचकटा, स्क्रू ड्रायव्हर घातलात तर रंग जाणार. कनेक्टर काढून बघा: पाण्याचा थेंब, हिरवट भुकटी, आत ढकलली गेलेली पिन, वाकडी पिन, नीट क्लिक न झालेलं लॉक. गाडी प्रेशर वॉशरने धुणाऱ्यांकडे पाणी जास्त सापडतं, नळी जवळ धरून थेट कॅमेऱ्यावर आणि फाळक्याच्या फटींवर मारलं की ते सीलच्या आत घुसतं आणि मग दोन दिवस हळूहळू पिनवर आपलं काम करतं. काँटॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, रबरी सीलला थोडं सिलिकॉन ग्रीस, पिनवर ग्रीस थापू नका, आणि लावताना क्लिक ऐकू आला पाहिजे.

आता तुटलेल्या वायरचं. इथे जुन्या सवयीने घात होतो. जुने कॅमेरे ॲनालॉग होते, वायर तुटली तर पिळून टेप मारली तरी चित्र यायचं, फार तर थोडं मुंग्या आल्यासारखं. आताच्या बऱ्याच गाड्यांत कॅमेऱ्याला एकच बारीक कोॲक्स केबल असते, टीव्हीच्या केबलसारखी, आणि त्याच एका तारेतून कॅमेऱ्याला वीज जाते व परत चित्राचा अतिवेगवान डिजिटल सिग्नल येतो. तिला मधे जोड दिला की त्या जोडावर सिग्नल आपटून माघारी फिरतो, चित्र एकतर येतच नाही किंवा कधीही तुटतं. मल्टीमीटरने कंटिन्युइटी (तार अखंड आहे का ते) बघितली तर बीप वाजते आणि माणूस फसतो, कारण मल्टीमीटर साध्या डीसीवर बघतो, सिग्नल पळतो त्याच्या कितीतरी पट वर. म्हणून बीप वाजली नाही तर वायर तुटली हे खरं, पण बीप वाजली म्हणून वायर चांगली हे खरं धरू नका. तुकडा पूर्ण बदलायचा, दोन्ही टोकांना कारखान्यातच बसवलेले कनेक्टर असलेला. अनेकदा नुसती फाळक्यापुरती केबल वेगळी मिळते, अख्खा हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) घ्यायची गरज नसते, विचारा.

दहावं, मग कॅमेरा

वरचं सगळं बघून झालं, लेन्सच्या आत पाणी आहे, किंवा उन्हात तापलं की जातो आणि गार झाला की येतो, किंवा तसाच दुसरा चांगला कॅमेरा तात्पुरता जोडल्यावर चित्र येतं, तर खुशाल बदला. पार्ट नंबर अक्षरनअक्षर जुळवा. दिसायला सारखा कॅमेरा दुसऱ्या लेन्सचा असतो, मग चित्र येतं पण रेषा जुळत नाहीत, आणि काही गाड्या नवीन कॅमेरा कॉम्प्युटरला ओळख करून दिल्याशिवाय स्वीकारतच नाहीत.

रेषांचं एक राहिलं. फाळक्याला मागून हलकासा धक्का बसला, पत्रा ठोकून रंगवून आला, वरून काही कळत नाही, पण कॅमेऱ्याची क्लिप केसभर वाकली तरी वीस फुटांवर रेषा फूटभर सरकते. सपाट जागी गाडी एखाद्या आखलेल्या पट्ट्याला समांतर उभी करा, मागे मोजून तीन फूट आणि दहा फुटांवर खोकी ठेवा, आणि स्क्रीनवर कुठे दिसतात ते बघा. तिरकं असेल तर कॅलिब्रेशन (कॅमेरा मापाने पुन्हा जुळवणं) लागतं. चारही कॅमेऱ्यांचं वरून दिसणारं चित्र मधे सांध्यावर तुटलेलं दिसलं, पट्टा एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूला हातभर सरकला, तरी तेच.

इथे हात वर करा आणि माणूस बोलवा

- नारिंगी आवरणाची केबल दिसली की थांबा. ती हाय व्होल्टेजची, शेकडो व्होल्टची. कॅमेऱ्याच्या वायरचा माग काढत चेसिसखाली गेलात तर ती शेजारीच भेटू शकते. तिचं झाकण, क्लिप, कनेक्टर, कशालाच हात नको.
- केबिनच्या खांबांमधला किंवा छताचा ट्रिम काढायची वेळ आली तर थांबा, तिथे पडद्यासारखी एअरबॅग असते.
- चारही कॅमेरे एकदम गेले आणि रीसेट, अपडेट, फ्यूज, छोटी बॅटरी सगळं बघून झालं, तर ते मॉड्यूलचं काम, कंपनीच्या स्कॅनरशिवाय अंधारात दगड मारणं.
- कॅलिब्रेशन. घरी जमवायचा प्रयत्न करू नका, त्याला बहुतेकदा ठरलेले फलक आणि मोजलेली जागा लागते.
- गाडी वॉरंटीत असेल तर कनेक्टर उघडायच्याही आधी थांबा. पुसणं, रीसेट, दृश्यं बदलून बघणं, फाळका हलवून बघणं एवढं करा आणि गाडी द्या. नंतर "आधी कोणीतरी उघडलंय" हे ऐकून घेत बसावं लागतं, माझ्या एका ओळखीच्याला लागलं.
- चित्र गोठतंय हे एकदा जरी बघितलं तरी दुसऱ्यांदा व्हायची वाट बघू नका.

दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर हौद्याचं कव्हर उघडं ठेवा म्हणजे मागची काच मिळते, बाजूचे आरसे थोडे खाली आणि बाहेर वळवा, आणि मागे घ्यायच्या आधी खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारा, फाळक्याच्या मागे वाकून बघा, कारण उंच पिकअपच्या मागे लहान मूल आरशात दिसतच नाही. स्क्रीनवर अर्धवट चित्र येत असेल तर त्याकडे बघूच नका, अधूनमधून येणाऱ्या चित्राची सवय फार वाईट.

आणि गॅरेजला जाताना बिघाडाचा व्हिडिओ घेऊन जा, ज्यात स्क्रीन आणि फाळका हलवणारा हात दोन्ही दिसतात, सोबत ती चार दिवसांची नोंद. गाडी तिथे पोचली की हमखास शहाण्यासारखी वागते, चित्र लख्ख येतं, आणि समोरचा माणूस तुमच्याकडे बघतो. मग व्हिडिओ लावायचा आणि बिजागरीकडे बोट दाखवायचं.